४,२९,४९,६७,२९७ : एका तोतया मूळ संख्येचं प्रकरण

चार अब्ज एकोणतीस कोटी एकोणपन्नास लाख सदुसष्ट हजार दोनशे सत्त्याण्णव. नुसती पाहिली तर या संख्येत लक्ष वेधण्यासारखं काहीच नाही. सम नाही, शेवटी ५ नाही, अंकांची बेरीज ५९, म्हणजे ३ ने भाग जात नाही. ७, ११, १३ यांनीही नाही. थोडी खटपट करून माणूस म्हणेल, ‘असेल बुवा मूळ संख्या’, आणि पुढे जाईल.

पिएर द फर्मा नेमका तेच म्हणाला. साल १६४०. तो साधासुधा माणूस नव्हता. संख्यांच्या बाबतीत त्या काळी युरोपात त्याच्या तोडीचं कुणी नव्हतं. तरी तो चुकला, आणि ही चूक पुढची ब्याण्णव वर्षं कुणी उघडकीस आणली नाही. मला हे प्रकरण आवडतं ते मोठा माणूस चुकला म्हणून नाही. ज्या घडणीमुळे ही संख्या मूळ वाटली, त्याच घडणीने तिचं पितळ उघडं पाडलं, म्हणून आवडतं.

आधी अंकांवरून चिकटवल्या जाणाऱ्या लेबलांचा निकाल लावू. अंकांची बेरीज ५९, तिने संख्येला भाग जात नाही, म्हणून ही ‘हर्षद’ नाही. अंकांच्या वर्गांची बेरीज ४१७, मग ६६, ७२, ५३, ३४, २५, २९, ८५, ८९. पुढे हे चक्र कधीच १ वर येत नाही, म्हणून ‘आनंदी’ही नाही. उलटसुलट सारखी वाचता येत नाही. बरं, मग? ही सगळी माहिती संख्येची नसून आपण ती दहाच्या पद्धतीत लिहितो या सवयीची आहे. बाराच्या पद्धतीत लिहिली की ही लेबलं बदलतील. संख्येचे विभाजक मात्र बदलणार नाहीत. म्हणून हा भाग इथेच सोडतो.

एक लिखाण मात्र तिला शोभून दिसतं. द्विमान पद्धतीत ती अशी दिसते: आधी १, मग एकतीस शून्यं, शेवटी १. एकूण तेहेतीस अंक, आणि दोन्हीकडून सारखे. म्हणजेच ती २^३२ + १ आहे, आणि सगळं प्रकरण या एका ओळीत आहे.

फर्माला भुरळ कशाची पडली

२ च्या घातात १ मिळवून मूळ संख्या हवी असेल तर घातांकात ३, ५, ७ असा विषम अवयव चालत नाही. उदाहरणार्थ २^६ + १ म्हणजे ६५. ६ मध्ये ३ हा विषम अवयव आहे, म्हणून २^२ + १ म्हणजे ५ ने त्याला भाग जातो. हे नेहमीच होतं. तेव्हा घातांक १, २, ४, ८, १६, ३२ असाच, म्हणजे स्वतः २ चा घात असावा लागतो. त्या क्रमाने संख्या येतात: ३, ५, १७, २५७, ६५,५३७. पाचही मूळ. सहावी आपली.

पाचपैकी पाच बरोबर आल्यावर सहावीबद्दल शंका घेणं अवघड जातं. फर्माने फ्रेनिकलला लिहिलं की या साऱ्याच संख्या मूळ असतील असं आपल्याला वाटतं. सिद्धता आपल्याकडे नाही, हेही त्याने कबूल केलं. या संख्यांना आज फर्मा संख्या म्हणतात. पहिलीला शून्य क्रमांक द्यायची रीत असल्याने आपली ती पाचवी फर्मा संख्या ठरते.

मूळ असल्याची खात्री सरळ भागाकारांनी करायची तर वर्गमुळापर्यंत, म्हणजे ६५,५३६ पर्यंतच्या सगळ्या मूळ संख्यांनी भागून पाहावं लागतं. त्या ६,५४२ भरतात. हाताने हे कोण करणार!

चाचणी जी काहीच सांगत नाही

फर्माच्या हाताशी एक दुसरं हत्यार होतं, आणि तेही त्याच वर्षीचं. प ही मूळ संख्या असेल आणि क ला तिने भाग जात नसेल, तर क^(प−१) ला प ने भागल्यावर बाकी १ उरते. बाकी १ नसेल तर संख्या मूळ नाही, विषय संपला. बाकी १ आली तर? तर बहुधा मूळ, पण खात्री नाही.

आपल्या संख्येवर क = २ घेऊन हे लावून पाहू. तिला सोयीसाठी ‘स’ म्हणू. स म्हणजे २^३२ + १, म्हणून २^३२ ला स ने भागलं की बाकी −१ धरता येते. वर्ग केला की २^६४ ची बाकी १. आता आपल्याला हवा असलेला घातांक स − १, म्हणजे २^३२, आणि त्याला ६४ ने नि:शेष भाग जातो: ६४ गुणिले ६,७१,०८,८६४. तेव्हा २^(स−१) ची बाकी १ येणारच. चाचणी पास.

‘येणारच’ या शब्दाकडे लक्ष द्या. इथे आपण काहीच तपासलं नाही. ज्या संख्येचा आकार २^(२ चा घात) + १ असा आहे, ती मूळ असो वा नसो, २ च्या परीक्षेत पास होते. प्रश्नपत्रिका तिच्याच घरी छापलेली असते. आजचे प्रोग्रॅम वापरतात ती अधिक कडक मिलर-राबिन चाचणीसुद्धा पाया २ घेतला तर हिच्यापुढे फसते. अशा संख्यांना गणितात छद्ममूळ म्हणतात. मी तोतया म्हणतो, कारण वेश इतका हुबेहूब आहे.

पाया बदलून ३ करा आणि वेश गळून पडतो. ३ चा वर्ग ९, त्याचा ८१, मग ६,५६१, मग ४,३०,४६,७२१. इथवर संख्या स पेक्षा लहान आहे, भागायची गरज नाही. पुढचा वर्ग म्हणजे ३^३२. त्याला स ने भागून उरतात ३,७९,३२,०१,४५८. असं एकूण एकतीस वेळा वर्ग करत आणि भागत गेलं की ३^(२^३१) ची बाकी मिळते: १,०३,२४,३०३. स मूळ असती तर इथे −१ म्हणजे ४,२९,४९,६७,२९६ यायला हवी होती. आणखी एक वर्ग केला की ३^(स−१) ची बाकी येते ३,०२,९०,२६,१६०. ती १ हवी होती, आणि ती १ च्या आसपासही नाही.

फर्मा संख्यांसाठीची ही एकतीस वर्गांची चाचणी पेपँच्या नावाने ओळखली जाते, १८७७ ची. पण बाकी १ येते का हा साधा प्रश्न फर्माच्या स्वतःच्याच प्रमेयातला आहे. बहुतेक दहा-दहा अंकी संख्यांचे बत्तीस वर्ग आणि जवळपास तेवढेच भागाकार: कंटाळवाणं खरं, पण काही दिवसांचंच काम. त्याने ते का केलं नाही हे कोडंच आहे. की केलं आणि हिशेबात चुकला?

या निकालाची गंमत वेगळीच आहे. स मूळ नाही हे पक्कं कळतं, पण तिचे अवयव कोणते याचा पत्ता लागत नाही. चोर आहे हे सिद्ध झालं, चोरीचा माल मात्र सापडलेला नाही.

माल सापडतो

डिसेंबर १७२९ मध्ये ख्रिस्तियान गोल्डबाखने लेओनार्ड ऑयलरला लिहिलेल्या पत्राच्या शेवटी सहज विचारलं: फर्माचं हे म्हणणं तुला माहीत आहे का? ऑयलरने आधी फारसं मनावर घेतलं नाही. मग घेतलं, आणि १७३२ मध्ये त्याने जाहीर केलं की या संख्येला ६४१ ने भाग जातो.

भागाकार स्वतः करून बघा, शाळेत करायचो तसा. ४२९४ मध्ये ६४१ सहा वेळा, उरले ४४८. वरून ९ उतरवा: ४४८९, सात वेळा, उरले फक्त २. मग ६ उतरवा, २६, भाग शून्य. ७ उतरवा, २६७, पुन्हा शून्य. २ उतरवा, २६७२, चार वेळा, उरले १०८. ९ उतरवा, १०८९, एकदा, आणि पुन्हा ४४८! शेवटचा अंक ७: ४४८७. मघाशी ४४८९ ला दोन उरले होते, आता दोन कमी आहेत, म्हणून सात वेळा आणि बाकी शून्य. उत्तर ६७,००,४१७.

ऑयलरने ६४१ शोधला कसा, हे त्याने त्या वेळी सांगितलं नाही. सुमारे पंधरा वर्षांनी त्याने जी सिद्धता दिली तिच्यावरून रस्ता दिसतो. समजा प हा स चा मूळ अवयव आहे. मग प ने भागल्यावर २^३२ ची बाकी −१ आणि २^६४ ची १. म्हणजे २ चे घात प पुरते बरोबर ६४ पावलांनी पुन्हा १ वर येतात, त्याआधी नाही. फर्माचंच प्रमेय सांगतं की हे चक्र प − १ मध्ये पूर्ण वेळा बसलं पाहिजे. तेव्हा प हा ६४ च्या पटीत १ मिळवून येणारा असलाच पाहिजे. दुसरा पर्यायच नाही.

आता यादी करा: ६५, १२९, १९३, २५७, ३२१, ३८५, ४४९, ५१३, ५७७, ६४१. यातल्या मूळ संख्या १९३, २५७, ४४९, ५७७ आणि ६४१. पाचव्या भागाकाराला माल हाती! २५७ तर करूनही बघायला नको, कारण कुठल्याही दोन फर्मा संख्यांना १ सोडून सामाईक विभाजक नसतो. म्हणजे खरे भागाकार चारच.

१८७८ मध्ये एदुआर ल्युकाने हे आणखी आवळलं: अवयव १२८ च्या पटीत १ मिळवलेले असतात. मग यादीत २५७ आणि ६४१ एवढेच उरतात, आणि २५७ बाद. म्हणजे पहिलाच भागाकार! २^३२ + १ या ज्या आकाराने फर्माला फसवलं, त्याच आकाराने संशयितांची यादी एका नावावर आणून ठेवली. अधिक हळहळ अशी की ही युक्ती फर्माला माहीत होती. त्याच १६४० साली त्याने २^३७ − १ ला २२३ ने भाग जातो हे अशाच यादीवरून काढलं होतं. तिथे यादी ७४ च्या पटीत १ मिळवून येते.

काहीच युक्ती न वापरता २, ३, ५ पासून एकेका मूळ संख्येने भागत गेलं असतं तरी ६४१ ही ११६ वी मूळ संख्या आहे. एका रविवारचं काम.

दुसरा अवयव ६७,००,४१७ स्वतः मूळ आहे का? त्याचाही कुठलाही मूळ अवयव स चाच अवयव असणार, म्हणून तीच चाळण लागू. वर्गमूळ २,५८८ च्या आसपास. १२८ च्या पटीत १ मिळवलेल्या, तिथवरच्या मूळ संख्या फक्त पाच: २५७, ६४१, ७६९, १,१५३, १,४०९. त्यांच्या बाक्या अनुक्रमे १७०, ४४, १२०, ३३४, ६२२. एकही शून्य नाही. म्हणून ६७,००,४१७ मूळ.

आता वर्गवारी

अवयव हाती आले की बाकीचे शिक्के आपोआप बसतात. संयुक्त, दोनच मूळ संख्यांचा गुणाकार, दोन्ही वेगळ्या, म्हणून कोणत्याही वर्गाने (१ सोडून) भाग न जाणारी. विभाजक चार: १, ६४१, ६७,००,४१७ आणि ती स्वतः. स्वतःला वगळून बेरीज ६७,०१,०५९, जी संख्येच्या पासंगालाही पुरत नाही, म्हणून न्यून संख्या. परिपूर्ण संख्येपासून इतकी लांब की तुलना करण्यात अर्थ नाही. तिच्यापेक्षा लहान आणि तिच्याशी सामाईक अवयव नसलेल्या संख्या ६४० × ६७,००,४१६, म्हणजे ४,२८,८२,६६,२४०. कारमायकेल संख्या (म्हणजे संयुक्त असूनही, सामाईक अवयव नसलेल्या प्रत्येक पायाच्या फर्मा चाचणीत पास होणारी) नाही; त्याला किमान तीन मूळ अवयव लागतात, आणि ३ च्या परीक्षेत ती नापास झालेली आपण पाहिलंच.

हे सगळं यंत्रवत् आहे. मला थांबावंसं वाटतं ते वर्गांपाशी.

स ही ६५,५३६² + १² आहे, हे तर तिच्या आकारातच लिहिलेलं आहे. फर्माने २५ डिसेंबर १६४० च्या पत्रात मेर्सेनला कळवलेला सिद्धान्त असा: ४ ने भागून १ उरणारी मूळ संख्या दोन वर्गांची बेरीज म्हणून लिहिता येते, आणि तीही एकाच प्रकारे. स ला दुसरा प्रकार सापडला तर ती मूळ नाही. तर हा घ्या दुसरा प्रकार:

६२,२६४² + २०,४४९² = ३,८७,६८,०५,६९६ + ४१,८१,६१,६०१ = ४,२९,४९,६७,२९७

(२०,४४९ हा स्वतः १४३ चा वर्ग आहे. हा निव्वळ योगायोग असावा, पण बघायला छान वाटतो.)

आता या दोन प्रकारांमधून अवयव पिळून काढू. ६५,५३६² − ६२,२६४² = २०,४४९² − १². दोन्ही बाजू फोडा: ३,२७२ × १,२७,८०० = २०,४४८ × २०,४५०. ३,२७२ आणि २०,४४८ यांचा मसावि ८. भागून उरतात ४०९ आणि २,५५६. १,२७,८०० आणि २०,४५० यांचा मसावि ५०. भागून उरतात तेच दोघे, २,५५६ आणि ४०९. दोन मसाविंचं अर्ध करा: ४ आणि २५. मग

४² + २५² = १६ + ६२५ = ६४१
४०९² + २,५५६² = १,६७,२८१ + ६५,३३,१३६ = ६७,००,४१७

स ला एकदाही न भागता दोन्ही अवयव समोर. उलट दिशेने पाहिलं तर आणखी मजा: २५ × २,५५६ = ६३,९०० आणि ४ × ४०९ = १,६३६; बेरीज ६५,५३६, वजाबाकी ६२,२६४. आणि २५ × ४०९ = १०,२२५, तर ४ × २,५५६ = १०,२२४. दोघांत फरक एकाचा! संख्येच्या शेपटाला जो ‘+ १’ आहे, तो इथून आला.

दोन वर्गांची बेरीज म्हटली की काटकोन त्रिकोण आलेच. ज्यांचा कर्ण बरोबर स आहे असे पूर्णांक बाजूंचे काटकोन त्रिकोण चार आहेत. त्यातला एक अगदीच सडपातळ: बाजू १,३१,०७२ आणि ४,२९,४९,६७,२९५, कर्ण ४,२९,४९,६७,२९७. लांब बाजू आणि कर्ण यांत फक्त दोनाचा फरक.

वर्गांच्या वजाबाकीची गोष्ट याच्या उलट आहे. संख्या दोन वर्गांच्या वजाबाकीत लिहून फोडायची, ही फर्माची स्वतःची पद्धत. अवयव एकमेकांजवळ असतील तर ती झटक्यात चालते. इथे ६४१ आणि ६७,००,४१७ यांत इतकी तफावत की योग्य जोडी ३३,५०,५२९² − ३३,४९,८८८² इतक्या दूर आहे. ६५,५३७ पासून सुरुवात करून साधारण बत्तीस लाख पंच्याऐंशी हजार पावलं. म्हणून हत्यार निवडताना माल बघावा लागतो.

शेजारी

वरच्या त्रिकोणातली लांब बाजू, ४,२९,४९,६७,२९५, स हून दोनाने लहान. ती आहे ३ × ५ × १७ × २५७ × ६५,५३७, म्हणजे आधीच्या पाचही फर्मा संख्यांचा गुणाकार. १८०१ मध्ये गाऊसने दाखवलं की बाजूंची संख्या वेगवेगळ्या फर्मा मूळ संख्यांचा (आणि हवं तर २ च्या घाताचा) गुणाकार असेल तर ती सुसम बहुभुजाकृती कंपास आणि पट्टीने काढता येते. याखेरीज येत नाही हे १८३७ मध्ये वाँत्सेलने सिद्ध केलं. तेव्हा ४,२९,४९,६७,२९५ बाजूंची आकृती तत्त्वतः काढता येते, ४,२९,४९,६७,२९६ बाजूंचीही येते, आणि ४,२९,४९,६७,२९७ बाजूंची येत नाही, कारण ६४१ ही फर्मा संख्या नाही. पाचव्या फर्मा संख्येने फर्माची लाज राखली असती तर यादी पुढे गेली असती. आज माहीत असलेल्या विषम बाजूंच्या काढण्याजोग्या आकृत्यांमध्ये ४,२९,४९,६७,२९५ हीच सर्वांत मोठी, कारण त्या पाचांखेरीज आणखी एकही फर्मा मूळ संख्या अजून कुणालाच सापडलेली नाही. (शून्यापासून मोजत) पाचव्यापासून बत्तिसाव्यापर्यंतच्या सगळ्या फर्मा संख्या संयुक्त निघाल्या आहेत. सहावीचा अवयव २,७४,१७७ लांद्रीने १८८० मध्ये काढला, ऑयलरनंतर १४८ वर्षांनी. चौदावी संयुक्त आहे हे १९६० च्या दशकात कळलं, तिचा पहिला अवयव मात्र २०१० साली हाती आला.

हीच शेजारीण संगणकवाल्यांच्याही ओळखीची आहे. बत्तीस बिटांच्या चिन्हविरहित जागेत मावणारी सर्वांत मोठी संख्या ती. आपल्या स ला तेहेतीस बिट लागतात. एकदा मी हौसेने एक छोटा प्रोग्रॅम लिहून ६४१ ला ६७,००,४१७ ने गुणलं आणि उत्तर आलं: १. आधी वाटलं टाइप करताना चुकलो. मग लक्षात आलं की वरचा बिट सांडला आणि उरला तो फक्त शेपटातला १. यंत्राच्या बत्तीस बिटी जगात हे दोन अवयव एकमेकांचे व्यस्त आहेत.

त्यामुळे तिथे ६४१ च्या पटीतल्या संख्येला ६४१ ने भागायचं असेल तर भागाकार करावाच लागत नाही. ६७,००,४१७ ने गुणलं की झालं. १,२८२ घ्या. गुणाकार ८,५८,९९,३४,५९४. त्यातून ४,२९,४९,६७,२९६ च्या दोन पटी सांडतात, आणि जागेवर उरतात २.